चौऱ्याऐंशीचा बॉल

"हरलात ना, मग बसा आता पंच म्हणून."

त्या डॅनिश बाईनं हे असं अर्थातच म्हटलं नाही. ती गोड हसली, इंग्रजीत काहीतरी भराभर बोलली आणि माझ्या हातात एक पॅड, एक पेन आणि आकडे पलटायची पाटी दिली. पण अर्थ तोच. ज्येष्ठांच्या आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धेत पन्नास टेबलांवर एकदम मॅचेस चालतात, इतके पंच आणायचे कुठून? म्हणून नियमच असा, की जो हरेल त्यानं त्याच टेबलावर पुढच्या मॅचला पंच म्हणून बसायचं. आधी हरायचं आणि मग दुसऱ्यांचं जिंकणं मोजत बसायचं.

आणि मी हरले होते तेही कसं, तर शून्य-तीन. उपांत्यपूर्व फेरी. समोर जपानच्या त्रेसष्ट वर्षांच्या बाई, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. दर पॉइंटनंतर मला कमरेत वाकून नमस्कार करायच्या आणि पुढचा सर्व्ह आधीच्याहून अवघड टाकायच्या. पंधरा मिनिटांत आटोपलं. ती मॅच जिंकले असते तर पदक नक्की होतं, कारण उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही ब्राँझ मिळतं. सांगलीहून डेन्मार्कपर्यंत आले होते ते त्या ब्राँझसाठी.

घाम पुसत मी पॅडवरचा कागद बघितला. टेबल नंबर चौदा, महिला, साठ वर्षांवरील, उपांत्यपूर्व फेरी. एक नाव हंगेरीच्या कुणा मार्गिटचं. दुसरं नाव वाचलं आणि मी तशीच त्या डॅनिश बाईकडे परत गेले.

"मला पंच नका करू. ही खेळाडू माझ्याच देशाची आहे."

"काही हरकत नाही," ती म्हणाली.

"माझ्याच गावची आहे."

"अरे वा."

"आम्ही एकमेकींशी बोलत नाही हो. बत्तीस वर्षं झाली."

"पंचानं बोलायचं नसतंच," ती म्हणाली. "फक्त आकडे सांगायचे."

दुसरं नाव पद्मजा उपाध्येचं होतं.

आता हे बत्तीस वर्षांचं काय ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. पद्मजा आणि मी दोघी सांगलीच्या, एकाच जिमखान्यातल्या. एके काळी दुहेरीत जोडीदार होतो, आणि आमची जोडी चांगली होती. तिचा फोरहँड, माझा बॅकहँड. चौऱ्याऐंशी साली जिल्ह्याच्या एकेरीच्या फायनलला आम्ही दोघी समोरासमोर आलो. जी जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती. तेव्हा गेम एकवीसचा असायचा, आतासारखा अकराचा नाही. शेवटच्या गेममध्ये बावीस-एकवीस पद्मजा पुढं. तिनं फोरहँड मारला, बॉल माझ्या बाजूच्या कडेला लागून गेला, आणि पंच घाणेकर मास्तरांनी हात वर करून सांगितलं, "एज. पॉइंट उपाध्ये."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉल टेबलाच्या वरच्या कडेला लागला तर तो एज, म्हणजे बरोबर. पण कडेच्या खाली, टेबलाच्या जाडीला लागला तर ती साइड, म्हणजे बाहेर. फरक जेमतेम बोटभराचा. एजचा बॉल वर उडतो, साइडचा खाली पडतो.

मी म्हटलं, साइड. मास्तर म्हणाले, एज. त्यांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, त्यामुळं लोकांचा माझ्यावर विश्वास बसला. पद्मजा काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी माझ्या सासूबाई पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आल्या होत्या, पहिल्या रांगेत, जरीची साडी नेसून. त्यांच्या देखत हरले याचा मला एवढा संताप आला, की पुढचे पंधरा दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले. मास्तरांना बिचाऱ्यांना दिसलं नाही, पण हिला तर दिसलं होतं ना? साइडचा पॉइंट गपचूप खिशात घातला. आणि मीच तिचं नाव पाडलं, साइडबाई.

ते नाव असं काही चिकटलं, की जिमखान्यातली शेंबडी पोरंसुद्धा तिला मागून हाक मारायची आणि पळायची. पद्मजानं संध्याकाळचं येणं सोडलं आणि सकाळी सहाला यायला लागली. मी संध्याकाळी. एकाच टेबलावर आम्ही दोघी बत्तीस वर्षं खेळलो, पण एकमेकींचं तोंड बघितलं नाही. पद्मजाच्या मिस्टरांचं औषधाचं दुकान आमच्या घराच्या समोरच. आमचे हे माझ्या बाजूनं इतके पेटले, की त्या दिवसापासून क्रोसिनची गोळीसुद्धा त्यांनी तिथून आणली नाही. पार कॉलेज कॉर्नरपर्यंत चालत जायचे.

आणि अशा आम्हा दोघींची त्या वर्षी डेन्मार्कच्या स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा प्रवास कंपनीच्या माणसानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "दोघी सांगलीच्या ना? म्हणून मुद्दाम एकाच रूममध्ये ठेवलंय तुम्हाला."

त्या रूममध्ये चार दिवस आम्ही काढले ते किटलीच्या आधारानं. पाणी उकळायची इलेक्ट्रिक किटली होती, दोन पलंगांच्या मधोमध. जे बोलायचं ते तिच्याशी बोलायचं.

"पाणी संपलं की पुन्हा भरून ठेवावं, एवढंही काही लोकांना कळत नाही," मी किटलीला सांगायची.

"भडंगात एवढा लसूण घालून आणल्यावर दुसऱ्याला झोप कशी यावी," पद्मजा किटलीला विचारायची.

पद्मजा जैन. दिवस मावळल्यावर जेवत नाही. इथं जून महिन्यात सूर्य दहा वाजेपर्यंत मावळायचं नाव घेईना, त्यामुळं बाईसाहेबांची चैन होती. रात्री साडेनऊला खिडकीशी बसून निवांत दशमी आणि दाण्याची चटणी खायच्या. जन्मात पहिल्यांदा मी तिला रात्रीचं जेवताना बघितलं, आणि खरं सांगते, चटणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. पण किटलीकडे चटणी मागता येत नव्हती.

तर ती ही पद्मजा. मी पंचाच्या खुर्चीत बसले आणि ती टेबलाशी आली. मला बघून थबकली. तिनं बॅटवर फुंकर मारली, रबर टी-शर्टाला पुसलं आणि पाटीकडे बघून म्हणाली, "आकडे नीट दिसतील असे लावा म्हणावं."

मी पाटी तिच्याकडे वळवली.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लपवत नाही. मी हरले तर हिनंही हरावं, एवढंच मागणं होतं माझं. पदक घेऊन ही सांगलीत उतरणार, स्टेशनवर हार, पेपरात फोटो, आणि मी मागं बॅगा धरून उभी. ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

पहिला गेम मार्गिटनं घेतला. उंच बाई, पांढऱ्याशुभ्र केसांचा बॉबकट, आणि बॉल असा तासून टाकायची की तो टेबलावर पडल्यावर वळायचा. मला बरं वाटलं. दुसरा पद्मजानं घेतला. तिसरा मार्गिटचा. चौथ्यात पद्मजा नऊ-पाच मागं होती. तिथून तिनं एकामागून एक फोरहँड लावले, तोच फोरहँड, मनगट किंचित उशिरा फिरवायचा. दुहेरी खेळायचो तेव्हा तिनं तो मारला की पुढचा बॉल कुठं येणार हे मला न बघता कळायचं. नऊ-नऊ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीत पुढं सरकून बसले आहे आणि माझं स्वतःचं मनगट मांडीवर फिरतंय. मी हात पॅडखाली दाबून धरला. चौथा गेम पद्मजानं घेतला. दोन-दोन.

पाचवा गेम म्हणजे नुसती ओढाताण. तीन-तीन, सहा-सहा, आठ-आठ. मग नऊ-नऊ. मग मार्गिटचा एक बॉल नेटमध्ये गेला आणि मी म्हटलं, "टेन-नाइन." माझाच आवाज मला ओळखू येईना. एक पॉइंट आणि पदक.

मार्गिटनं सर्व्ह केला. पद्मजानं ढकलला, मार्गिटनं तासला, आणि पद्मजाचा हात मागं गेला. फोरहँड. बॉल माझ्याच बाजूच्या कडेवर आला, माझ्यापासून दोन हातांवर. टक असा आवाज आला आणि मार्गिटची बॅट हवेत फिरली.

साइड होती. मला स्वच्छ दिसलं. बॉल टेबलाच्या जाडीला लागला आणि सरळ खाली पडून माझ्या बुटापाशी आला.

तेवढ्या एका क्षणात माझ्या डोक्यात सबंध सांगली येऊन गेली. साइड म्हणाले तर हिला काय वाटेल? बत्तीस वर्षं डूख धरून बसली आणि संधी मिळताच डसली. कुणीही तेच म्हणेल. आमचे हेसुद्धा म्हणतील, तोंडावर नाही म्हणाले तरी. मी मार्गिटकडे बघितलं नाही, पद्मजाकडे बघितलं नाही. हात वर केला.

"एज. पॉइंट उपाध्ये. गेम अँड मॅच."

मार्गिटनं खांदे उडवले. मग बॅट डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं करत टेबलाला वळसा घालून यायला लागली. तिच्या बाजूनं तिला कड दिसली नव्हती, पंचानं सांगितलं ते तिनं मानलं.

पद्मजा जागची हलली नाही. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "नो. साइड." मग टेबलाच्या त्या बाजूला येऊन, वाकून जाडीवर बोट ठेवून दाखवलं. "हिअर. नॉट एज. साइड."

मार्गिट थांबली. माझ्याकडे बघायला लागली. पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे मला पाठ होतं, पण जिच्या बाजूनं निर्णय दिला तीच नको म्हणते, तेव्हा काय करायचं ते कुठं लिहिलंय मला ठाऊक नव्हतं. मी पाटीचा आकडा मागं पलटला.

"टेन ऑल," मी म्हटलं.

पुढचे दोन पॉइंट मार्गिटनं घेतले. एक सणसणीत स्मॅश, आणि एक पद्मजाचा फोरहँड नेटला लागून तिच्याच बाजूला पडला. बारा-दहा. मार्गिटनं पद्मजाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. एवढी उंच बाई खाली वाकून मिठी मारत होती आणि पद्मजा अवघडून तिच्या पाठीवर थापटत होती.

मी कागदावर आकडे लिहिले आणि खाली पंच म्हणून सही केली. पद्मजा सहीसाठी आली. पेन माझ्या हातातून घेतलं, सही केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"साइड होती. तुला दिसलं नाही?"

बत्तीस वर्षांनी ती माझ्याशी बोलली. मला वाटलं होतं, असं कधी झालंच तर मी चार शब्द चांगले सुनावीन.

"दिसलं," मी म्हटलं.

"मग?"

तेवढ्यात ती डॅनिश बाई आली, गोड हसली, आणि दुसरं पॅड पद्मजाच्या हातात दिलं. हरली होती ना ती. चौदा नंबरवर आता दोघा म्हाताऱ्यांची मॅच होती, एक ब्राझीलचा आणि एक बेल्जियमचा. पद्मजा खुर्चीत बसली. माझं काम संपलं होतं. मी रूमवर जाऊन आंघोळ करायला मोकळी होते. पण पाय निघेना.

"पाटी पलटायला कुणीतरी लागेल," पद्मजा पॅडला म्हणाली.

मी शेजारची खुर्ची ओढली आणि पाटी मांडीवर घेतली. म्हातारे खेळायला लागले. ब्राझीलवाला दर फटक्याला आईला हाक मारल्यासारखा ओरडत होता. पद्मजा आकडे म्हणायची, मी पलटायची. एक-शून्य, एक-एक, दोन-एक. समोर बॉल टकटक करत होता आणि मला त्यात फक्त ती एकच टक ऐकू येत होती, चौऱ्याऐंशीची.

"पद्मजा," मी म्हटलं. "चौऱ्याऐंशीचा बॉल एज होता."

तिनं मान वळवली नाही.

"मला तेव्हाच दिसला होता. वर उडाला होता तो. मास्तर बरोबर होते. मी खोटं बोलले, तेव्हाही आणि नंतरही. आज पुन्हा बोलले, फक्त उलट्या बाजूनं."

"सहा-चार," पद्मजा म्हणाली. "पाटी पाच-चार दाखवतेय."

मी आकडा पलटला. माझे डोळे भरून आले होते आणि आकडे धड दिसत नव्हते, हे काही पाटी चुकण्याचं कारण म्हणून सांगण्यासारखं नव्हतं. दोन पॉइंट झाले. मग ती पुढं बघतच म्हणाली,

"तुला दिसलं होतं हे मला माहीत आहे. बॅट खाली घेतली होतीस तू. हात मिळवायला एक पाऊल पुढं आलीस. मग सासूबाईंकडे बघितलंस आणि थांबलीस."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, घरी गेल्यावर राग उतरेल. उद्या येऊन सांगेल सगळ्यांना." ती थांबली. "आठ-पाच."

मी पलटलं.

"मी रोज वाट बघायची," ती म्हणाली. "सहा महिने बघितली. मग सकाळी यायला लागले."

मी म्हटलं, "चुकलं माझं." तिनं मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटले. पण पद्मजा कसली.

"इथं सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "इथं मला साइडबाई कोण म्हणतंय? सांगलीत सांग."

परत येऊन दोन दिवस मी जिमखान्याकडे फिरकले नाही. अंग दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, तिथं कुणी नसतं अशा वेळी गेले. आमच्या जिमखान्यात पाण्याच्या पिंपाशेजारी एक काळा फळा आहे. कुठल्याही स्पर्धेचे निकाल त्यावर लिहायचे, आणि ते मीच लिहायचे, सहचिटणीस म्हणून, वीस वर्षं. मी खडू घेतला आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं.

आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ टेबल टेनिस स्पर्धा, डेन्मार्क. महिला, साठ वर्षांवरील. शालन वाटवे, उपांत्यपूर्व फेरीत पराभूत, ०-३. पद्मजा उपाध्ये, उपांत्यपूर्व फेरीत पराभूत, २-३. मॅच पॉइंटवर पंचांनी चुकीचा दिलेला गुण उपाध्ये यांनी स्वतःहून नाकारला. पंच, शालन वाटवे.

मग खाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

दुरुस्ती. जिल्हा स्पर्धा १९८४, महिला अंतिम सामना. शेवटचा बॉल एज होता. पंच घाणेकर यांचा निर्णय बरोबर. साइड होती असं सांगणारी खोटं बोलत होती. शालन वाटवे.

संध्याकाळी जिमखान्यात ही गर्दी. कॅरमवाले कॅरम सोडून फळ्यापाशी, बॅडमिंटनवाले बॅडमिंटन सोडून. मी एका कोपऱ्यात बाकावर बसले होते, तोंड कुठं लपवावं कळेना. आमचे हे फिरायला निघाले होते, ते कुणीतरी सांगितलं म्हणून आत आले. चष्मा लावून सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर ओरडणार. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले,

"बत्तीस वर्षं बीपीच्या गोळ्यांसाठी मी कॉलेज कॉर्नरपर्यंत चालत गेलो गं, शालन."

"चालण्यानं बीपी कमीच राहिलं की," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात दारात पद्मजा. संध्याकाळी साडेपाचला. त्या दारातून संध्याकाळी आत येताना तिला बघितलं नव्हतं असे कितीतरी जण तिथं होते, काही तर जन्मलेच नंतर. लोकांनी वाट दिली. ती फळ्यासमोर उभी राहिली, सावकाश वाचलं. खाली खडूचा तुकडा पडला होता तो उचलला, आणि 'अंतिम सामना'च्या पुढं रिकाम्या जागेत लिहिलं, २३-२१. मग हात झटकून माझ्याकडे आली.

"स्कोअर राहिला होता," ती म्हणाली.

"किती दिवस ठेवू फळ्यावर?" मी विचारलं. "पावसाळी स्पर्धेचे निकाल लिहायचेत मला."

"बत्तीस वर्षं कुठं मागतेय? गणपतीपर्यंत राहू दे. बाहेरगावची माणसं येतात गणपतीला."

मी हो म्हटलं. त्या वर्षी पावसाळी स्पर्धेचे निकाल मी कागदावर लिहून दारावर चिकटवले.

पद्मजानं पिशवीतून बॅट काढली, टेबलाकडे गेली आणि मला जागा ठेवून डाव्या बाजूला उभी राहिली, पूर्वी दुहेरीत उभी राहायची तशी. समोर खेळायला कुणीतरी दोघं यावेत म्हणून तिनं कॅरमवाल्यांकडे बघितलं. मी माझी बॅट घेतली.

"साडेसहापर्यंतच हं," ती म्हणाली. "मला जेवायचं असतं. इथला सूर्य डेन्मार्कसारखा थांबत नाही."